तळणीचं तेल उडालं नव्हतं

मला फोन येतात. श्टुटगार्टच्या आसपासच्या मराठी बायकांमध्ये माझा नंबर कुणी वाटला ठाऊक नाही, पण सोलारियमबद्दल, म्हणजे दिव्यांच्या पेटीत पडून अंग रापवून घ्यायच्या दुकानांबद्दल काही विचारायचं झालं की तो बाहेर निघतो. सुरुवात एकच असते. "मंजिरीताई, सहज विचारायचं होतं." असलं कुणी सहज विचारत नाही.

प्रश्नही ठरलेले. आपण मुळात सावळे, मग आपल्याला काय होतंय? हिवाळाभर ऊन नाही, हाडं दुखतात, तिथे थोडा वेळ पडलं तर काय बिघडलं? इतके जर्मन लोक जातात, त्यांना अक्कल नाही का? जाताना अंगाला घरचं काही लावलं तर चालतं का?

माझी उत्तरं तुटक असतात. सावळ्यांनाही होतं. हाडं दुखत असतील तर डॉक्टरकडे जा, दिव्याखाली झोपू नका. गर्दी दिसली म्हणून अक्कल आहे असं समजू नका. शेवटच्या प्रश्नाला मात्र मी उत्तर देत नाही, माझा फोटो पाठवते. त्यानंतर फोन येत नाही.

आता सगळं एकदाच लिहून टाकते. लिहायला आणखी एक कारण आहे, ते ओघात येईलच.

डाग

फुटबॉलचा वर्ल्ड कप जर्मनीत झाला, त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आम्ही बॉबलिंगेनला राहत होतो, अजूनही तिथेच आहोत. माझा नवरा हेमंत गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. मुलगी सानिका तेव्हा पाच वर्षांची होती. मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर द्यायची.

त्याआधीच्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या पापणीवर पांढरा ठिपका आला होता. मग हाताच्या बोटांच्या पेरांवर दोन-तीन. इथल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून पाहिलं आणि लॅटिन नाव सांगितलं. हेमंतने घरी येऊन ते शोधलं. आपल्याकडे त्याला कोड म्हणतात. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. हेमंत म्हणायचा "ते तुझं स्किनचं". सासूबाई म्हणायच्या "ते".

डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. दुखत नाही, कुणाला लागत नाही. मलम लावा, वसंतात आपल्याकडे प्रकाशाचे उपचार सुरू करू, महिनोन् महिने लागतील, जाईलच असं नाही. मला ते पटलं होतं. पापणीवर ठिपका घेऊन जगता येतं, हे मी चार महिने जगून पाहिलं होतं.

जानेवारीत सासूबाई आल्या, सोबत माझी नणंद केतकी. केतकीसाठी डार्मश्टाटला एक स्थळ होतं. मुलगा तिथे संशोधन करत होता आणि त्याचे आईवडील दामलेकाका-काकू नेमके त्याच्याकडे आले होते. मुलगी बघायला ते आमच्या घरी येणार होते, म्हणजे पोहे बॉबलिंगेनला होणार होते.

सासूबाईंनी बॅग उघडायच्या आधी माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. भाजीवाल्याकडे वांगं फिरवून बघतात तसं.

"हे वाढलंय."

"नाही आई, तेवढंच आहे."

"दामल्यांनी बघितलं तर काय म्हणतील? घराण्यात आहे म्हणतील."

"पण मी तुमच्या घराण्यातली नाही ना. केतकीचा आणि माझा रक्ताचा काय संबंध?"

"लोक रक्त तपासत बसत नाहीत, मंजिरी. तोंड बघतात."

हेमंत पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं.

उन्हाची सोय

त्या बॅगेत लोणच्याच्या मसाल्याशेजारी बावचीच्या तेलाची बाटली होती, पुण्याच्या वैद्यांकडची. कोडावर बावची लावायची आणि कोवळ्या उन्हात बसायचं, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. माझ्या आईलाही माहीत होतं. अडचण एकच होती. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि ऊन म्हणजे ढगामागे कुठेतरी असलेला उजेड.

सासूबाई रोज सकाळी मला तेल लावून बाल्कनीच्या दारात बसवायच्या. मी कुडकुडत बसायची. ऊन यायचं नाही. पाहुण्यांचा रविवार जवळ येत चालला तसा घरातला सूर चढत गेला.

मग हेमंतमधला इंजिनियर जागा झाला. आठवडाभर ज्याने तोंड उघडलं नव्हतं तो चहा पिताना म्हणाला, "आई, ऊनच हवंय ना? इथे ऊन विकत मिळतं."

बेकरीच्या शेजारी, बसस्टॉपसमोर एक सोनेनश्टुडिओ, म्हणजे सोलारियम होतं. दारावर नारळाच्या झाडाचं चित्र होतं. सासूबाईंना कल्पना इतकी आवडली की त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. मला कुणी विचारलं नाही, असं मी म्हणणार नाही. विचारलं. "जायचं ना?" असं विचारलं, चप्पल घालता घालता.

काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे पाहून हसून विचारलं, "तुम्हाला कशाला हवंय? तुम्ही तर तयारच आहात." मग तिने ठरलेले प्रश्न विचारले. शेवटचा प्रश्न होता, नेमेन जी मेडिकामेंटे? काही औषधं चालू आहेत का?

माझ्या आधी हेमंत म्हणाला, "नाइन." नाही.

तो खोटं बोलला नाही, हे मला आजही सांगावंसं वाटतं आणि सांगताना संतापही येतो. त्याच्या डोक्यात ते औषध नव्हतंच. औषध म्हणजे गोळी, औषध म्हणजे डॉक्टरच्या सहीचं. आईने बाटलीतून आणलेलं ते घरचं. काढा, लेप, तेल, यांना आपण औषध म्हणून मोजतच नाही. त्या मुलीला बावची ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि आम्हाला ते सांगायचं सुचलं नाही.

मेकअप आणि क्रीम पुसून या, अशी पाटी होती. मी लिपस्टिक पुसली. तेल सासूबाईंनी घरीच लावलं होतं, नुसतं डागांवर नव्हे तर पुढे पसरू नये म्हणून सगळ्या चेहऱ्याला, गळ्याला आणि कोपरापर्यंत हातांना. ते मुरलं होतं. पुसायचं काय?

पहिल्या खेपेला काही झालं नाही. उलट चेहरा जरा तजेलदार दिसला. सासूबाई खूश झाल्या. दोन दिवसांनी शुक्रवारी पुन्हा नेलं, आणि हेमंतने वेळ वाढवून घेतली. डोळ्यांवर काळा चष्मा लावून मी त्या निळ्या पेटीत पडले. ऊब छान होती. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच मला ऊब वाटली. 

पोहे

शनिवारी सकाळी खाज सुटली. दुपारी चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. रविवारी उठले तेव्हा डोळे उघडेनात. गालांवर, गळ्यावर, हातांवर पाण्याने भरलेले फोड होते, लिंबाएवढे. मी ओरडले तेव्हा सानू धावत आली, दारातच थांबली आणि रडायला लागली.

"हेमंत, मला डॉक्टरकडे ने."

त्याने आईकडे पाहिलं. सासूबाईंनी गार दुधाच्या घड्या आणल्या. "आज रविवार. इथे दवाखाने बंद असतात." बंद नसतात, हे हेमंतला ठाऊक होतं.

मग केतकी येऊन पलंगाच्या कडेला बसली. साडी नेसून तयार झाली होती. मुलगी वाईट नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "वहिनी, फक्त आजचा दिवस."

त्या घरात मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण हे चार शब्द मी विसरणार नाही.

दार लोटून घेतलं गेलं. फोडांवर ओलं फडकं घेऊन मी पडून राहिले आणि बाहेरचं सगळं ऐकत राहिले. ओळखी झाल्या, हसणं झालं, बशा वाजल्या. पोह्यांचं कौतुक झालं. वेदना कशी होती हे सांगायला मला शब्द नाहीत. मी उशीचा कोपरा दातांत धरला होता, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. कुणाची लाज राखत होते ते देवाला माहीत.

दामलेकाकूंनी विचारलं, "सूनबाई दिसत नाहीत?"

"काल तळणीचं तेल उडालं हो तिच्यावर," सासूबाई म्हणाल्या. "आडवी झालीय जरा."

किती सहज आलं ते तोंडातून! त्यांनी ते आधी घोकलं असावं.

"अगं बाई! बघू दे तरी." आणि दामलेकाकू सरळ दार ढकलून आत आल्या. त्यांच्या मागे सासूबाईंचं "नको, झोपलीय" चालूच होतं. काकूंनी फडकं उचललं आणि किंचाळल्या. "अहो, हिला दवाखान्यात न्या आधी! पोहे कसले खाताय!"

मला त्या बाईने वाचवलं. गाडीत मागच्या सीटवर माझं डोकं मांडीवर घेऊन त्याच बसल्या, नवी कोरी पैठणी खराब होईल याचा विचार न करता. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

चष्म्याची खूण

मोठ्या हॉस्पिटलच्या त्वचा विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने विचारलं, कसं झालं? हेमंत म्हणाला, "गरम तेल उडालं." काकू शेजारीच उभ्या होत्या, दुसरं काय म्हणणार तो?

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हेमंतला आणि काकूंना बाहेर बसायला सांगितलं. दार लावलं आणि खुर्ची माझ्या अगदी जवळ ओढली.

"तेल उडालं तर डोळ्यांभोवती चष्म्याचा आकार उरत नाही," ती म्हणाली. "घरी कुणी काही केलं का तुम्हाला?"

मला रडायलाही येत नव्हतं, खारं पाणी गालांवर झोंबायचं. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी सांगितलं. पापणीचा ठिपका, बाटली, निळी पेटी. तिने मान हलवत ऐकलं, मधूनमधून म्हणाली, "जा, गेनाऊ." हो, बरोबर. बावचीतलं द्रव्य कातडीला प्रकाशापुढे उघडं पाडतं. तेच आम्ही इथे मोजून देतो, आणि प्रकाशही मोजून देतो. तुम्ही दोन्ही न मोजता एकत्र केलंत. एवढंच ती बोलली. रागावली नाही.

मग तिने आरसा मागायला मनाई केली. नर्सबाईंनी तो आधीच काढून ठेवला होता.

ड्रेसिंग रोज सकाळी व्हायचं, कॉफीच्या आधी. गाडीची चाकं कॉरिडॉरमध्ये वाजायला लागली की मी खाटेची कड धरायची. जुनी पट्टी भिजवून काढायची, निघेल ते कातडं कापायचं, मलम लावायचं, नवी पट्टी बांधायची. सगळ्यात थोराड दिसणारी नर्स सगळ्यात हळुवार होती. ती प्रत्येक पट्टी ओढण्याआधी सांगायची, "आल्झो, आता." त्या सांगण्याचा मला फार आधार होता. माझ्या घरच्यांनी मला आधी कधी काही सांगितलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर उर्सुला नावाची बाई होती. गोरी, पण ते आत कुठेतरी, वरून जुन्या चामड्याच्या पर्सच्या रंगाची. वीस वर्षं ती सोलारियमला जात होती. पोटरीवरचा एक तीळ काळा होत गेला आणि आता तिथे तीळही नव्हता, मांसही नव्हतं. जांघेतल्या गाठीही काढल्या होत्या. माझी हकीगत ऐकून ती इतकी हसली की टाके दुखले तिचे.

"मी पैसे देऊन तुमच्यासारखी व्हायला जात होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही?"

"मीही माझ्यासारखीच व्हायला गेले होते."

मग दोघीही हसलो. त्या खोलीत इतकं वाईट हसू पुन्हा आलं नाही. पुढच्या नाताळात तिचं कार्ड आलं. त्याच्या पुढच्या नाताळात आलं नाही.

घरचे भेटायला यायचे. सासूबाई डब्यात मऊ भात आणायच्या आणि भरवायच्या, हेही सांगायला हवं. भरवता भरवता हळूच म्हणाल्या, "दामल्यांचा होकार आलाय. काकूंनी तुझी इतकी चौकशी केली. चांगल्या मनाची माणसं आहेत."

"तेलाचं खरं वाटलं त्यांना?"

"का नाही वाटणार?" त्यांनी चमचा पुढे केला. "आणि मंजिरी, आता तेच धरून चालायचं. एका अर्थी बरंच झालं. आता कुणी काही विचारलं तर उत्तर आहे आपल्याकडे."

हेमंत खिडकीपाशी उभा होता. म्हणाला, "आई म्हणते ते प्रॅक्टिकल आहे."

मी भात गिळला. भूक लागली होती.

उरलेला ठिपका

फोड भरले. जखमा बऱ्या झाल्या. आधी सगळं गुलाबी होतं, मग हळूहळू रंग यायच्या ऐवजी जात गेला. ज्यांना कोड असतं त्यांची कातडी दुखावली की तिथेच रंग सोडते, हे मला तेव्हा कळलं. दोन्ही गाल, गळा, कोपरापर्यंत हात. पांढरे. जिथे तेल लावलं होतं तिथे.

आणि डोळ्यांभोवती, चष्म्याखाली राहिलेल्या जागी, माझा मूळचा सावळा रंग. त्यात उजव्या पापणीवर तो पांढरा ठिपका, तसाच्या तसा. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो सबंध वेळ चष्म्याखाली झाकलेला होता. प्रकाशाचा एक किरणही त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. कुणाच्याच ते ध्यानात आलं नाही, इंजिनियरच्याही नाही.

पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा मी ओरडले नाही. नुसती शिवी दिली, मराठीत, मोठ्याने. नर्सने विचारलं, श्मेर्त्सन? दुखतंय? मी म्हटलं, जा. हो.

अक्षता

पुढच्या डिसेंबरात पुण्यात केतकीचं लग्न झालं. कार्यालयात मी पहिल्या रांगेत होते. लपवायचं काहीच नव्हतं, कारण आता मी भाजलेली होते. बायका येऊन हात धरायच्या. "किती भाजलं गं!" "कढई जपून ठेवावी." "हेमंतने किती केलं तुझं!" लोकांच्या डोळ्यांत खरी माया होती. कोडासाठी त्यातली चिमूटभरही कुणी दिली नसती.

दामलेकाकू जवळ आल्या. ज्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं त्याच. त्यांनी माझ्या पांढऱ्या गालावरून हात फिरवला आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "तरी एक बरं गं, भाजल्याचं आहे. लांबून बघितलं तर कोडच वाटतं. तसं असतं तर आम्हाला विचारच करावा लागला असता."

सासूबाईंनी माझा हात घट्ट दाबला. मी हसले. फोटोत ते हसणं आहे.

सानू

हे लिहायचं खरं कारण इथे येतं.

सानू आता नऊ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात पोहण्याच्या क्लासला जाताना तिच्या गुडघ्यावर मला ठिपका दिसला. पांढरा. आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तोच दिवा, तेच लॅटिन नाव. या वेळी उपचार मोजूनमापून होतील, हे त्यांनी सांगितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

हेमंतने पुण्याला फोन लावला. सासूबाईंचा आवाज स्पीकरवर आला, शांत, समजूतदार.

"घाबरू नका. लहान आहे, कुणाला कळत नाही. सांगायचं, तिलाही तेल उडालं होतं. आईच्याच वेळी."

हेमंत माझ्याकडे बघत होता. तो "नाही" म्हणेल म्हणून मी थांबले. तो म्हणाला, "बघू."

सानू सोफ्यावर बसून ऐकत होती. मराठी तिला सगळं कळतं. तिने गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्या गालांकडे, आणि विचारलं, "मामा, बिन इश आउख फेरब्रांट?" आई, मीपण भाजलेय का?

मी कुणाकडे बघणार होते? घरात आम्ही तिघंच. मी तिला म्हटलं, "नाही. तूही नाही, मीही आधी नव्हते. ह्याला कोड म्हणतात. म्हण."

"कोड," ती म्हणाली.

घरात तो शब्द पहिल्यांदा कुणी तरी म्हटला.

मग तिच्यासमोरच मी डार्मश्टाटला फोन लावला. केतकीला बाळ झालंय, दामलेकाकू तिथेच आल्या आहेत. काकूंनीच उचलला.

"काकू, त्या दिवशी तळणीचं तेल उडालं नव्हतं," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. पापणी, बाटली, पेटी, लोटलेलं दार. मागे बाळ कुरकुरत होतं.

शेवटी म्हणाल्या, "मग लग्नात मी तुला जे बोलले..."

"हो. ते मलाच बोललात."

"मला माहीत असतं तर..."

"तर लग्न झालं नसतं."

त्या "छे" म्हणाल्या नाहीत. मी वाट पाहिली, जरा जास्तच पाहिली. मग त्यांनी विचारलं, "बाळाला होईल का गं?"

"माझं रक्त नाही त्याच्यात, काकू." त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला स्वच्छ ऐकू आला. मग मी फोन ठेवला.

सासूबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. केतकीही नाही. हेमंत म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हटलं, झालं. उपचारांना सानूला मीच घेऊन जाते. तो गाडीत बसून राहतो.

परवा शेवटचं ऊन होतं म्हणून सानूला बाहेरच्या तलावावर पोहायला नेलं. गुडघ्याला जाडसर सनक्रीम लावलं. तिच्या वर्गातल्या एका मुलीने बोट दाखवून विचारलं, हे काय झालंय तुला? मी बाकावर होते, हाताच्या अंतरावर. तोंडातून शब्द निघणारच होता. मी तो दाताखाली धरला.

सानूने गुडघ्याकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये सांगितलं, माझ्या कातडीचा तिथला रंग गेलाय, आईचाही गेलाय, परत येईल किंवा येणार नाही. आणि पाण्यात उडी मारली.

तिच्या उत्तरात तेल नव्हतं.